मलय मालिका बघणार असाल तर हिरॉइन सोडून बाकीच्या बायकांकडं बघा

कोरियन झाल्या, तुर्की झाल्या, पाकिस्तानी तर आता घराघरात बघतात, पण मलेशियातल्या मलय मालिकांवर मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून मीच लिहायला बसले. आधीच सांगून टाकते, माझे मार्क पाचपैकी साडेतीन. बघण्यासारख्या आहेत, काही तर लई भारी आहेत, पण हिरॉइनच्या नादानं बघायला गेलात तर चौथ्या भागात बंद कराल. या मालिकांतली खरी बाई हिरॉइनच्या आजूबाजूला असते, म्हणजे सासू, सवत, नवऱ्यानं सोडलेली मावशी, पहाटे उठून गाडा लावणारी विधवा शेजारीण. बाई किती बदलली आणि कुठं अडकली ते यांच्यात दिसतं.

मला हा नाद लागला चुलत बहिणीमुळं, ती लग्न होऊन क्वालालंपूरला गेली आणि तिच्या ऑफिसातल्या मलय बायका डबा खाताना कालच्या भागावर तावातावानं बोलतात ते ऐकून तिनं बघायला सुरुवात केली आणि मग मला नावं पाठवायला लागली. अडलं की मी तिलाच विचारते, इद्दत (म्हणजे नवरा गेल्यावर किंवा तलाक झाल्यावर पुन्हा लग्न करण्याआधी थांबायचा काळ) किती दिवसांची, कोर्टात हे खरंच असं होतं का वगैरे, आणि ती ऑफिसात विचारून सांगते.

बघायचं कसं हा पहिला प्रश्न येणार म्हणून तो उरकते. इथून सगळं मिळत नाही. मी एका अॅपचे पैसे भरले तर निम्म्या मालिकांवर टिचकी मारली की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' एवढंच येतं, आणि हे पैसे भरायच्या आधी कुठं लिहिलेलं नसतं याचा मला खूप राग आला. यूट्यूबवर बऱ्याच जुन्या मालिकांचे भाग मिळतात, सबटायटल असतीलच असं नाही, असली तरी इंग्रजी. माझ्या सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही तर मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते आणि खरं सांगते, त्यात जास्त मजा येते कारण मधी थांबवून भांडता येतं.

एक मोठा फायदा म्हणजे या मालिका संपतात! तेरा भाग, सव्वीस भाग, कधी ऐंशी, आणि गोष्ट खलास. आपल्याकडं आपल्याच वसगडे गावात शूट झालेली 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ ला सुरू झाली ती २०२१ पर्यंत चालली, आणि कोल्हापूरचा राणादा म्हणून आम्ही सगळ्यांनी जीव लावून बघितली, पण शेवटी शेवटी कोण कशासाठी रुसलंय ते कळेनासं झालं होतं. मलय मालिकेत लेखकाला शेवट कुठं आहे ते माहीत असतं. बऱ्याच मालिका कादंबऱ्यांवरून केलेल्या असतात, बायकांनी लिहिलेल्या आणि बायकांनीच वाचलेल्या लोकप्रिय प्रेमकादंबऱ्या, त्यामुळं बांधणी घट्ट असते. टीव्ही थ्री म्हणून तिथलं पहिलं खासगी चॅनेल आहे, १९८४ ला सुरू झालेलं, त्यावर संध्याकाळी सातचा 'आकासिया' नावाचा स्लॉट फार चालतो. बहीण म्हणते मगरिबच्या नमाजाची वेळही तिथं तीच येते आणि त्यावरून घरात थोरल्यांची कुरकुर असते. दिवेलागणीला टीव्ही लावला म्हणून आपल्याकडं जी कुरकुर असते तीच म्हणा की.

आता गोष्टी कशा असतात. चार मालिका बघितल्या की कळतं, लग्न आधी होतं आणि प्रेम नंतर. कंत्राटी लग्न, वडिलांच्या शब्दाखातर लग्न, गैरसमजातून लग्न. सुरुवातीला मला वाटलं हे मागासलेलं आहे, पण मग लक्षात आलं की यात एक अडचण आणि एक युक्ती दोन्ही आहे. तिथं लग्नाआधी मुलगा-मुलगी एका खोलीत एकटे सापडले तर मुसलमानांसाठी तो शरिया कायद्यानं गुन्हा आहे, खलवत म्हणतात त्याला, धाड पडते, दंड होतो. टीव्हीवर तर लग्न न झालेल्या जोडप्याचा हात धरणं पण जपून दाखवतात. मग लेखकानं दोघांना एका घरात, एका स्वयंपाकघरात, एका भांडणात आणायचं कसं? लग्न लावून टाकायचं. त्यानंतरच ती दोघं एकमेकांना ओळखायला लागतात, आणि जे कोरियन मालिकेत लग्नाआधी होतं ते सगळं इथं नवरा-बायकोत होतं. २०१२ ची 'आदम आणि हवा' (आरोन अझीझ आणि नादिया निसा, ऐंशी भाग, आयश्या सोफियाच्या कादंबरीवरून) अशीच आहे, दोघांवर आळ येतो, लग्न लावून देतात, आणि मुलगी तो संसार न मांडताच शिकायला परदेशी निघून जाते, वर्षांनी परत येते ती स्वतःच्या पायावर उभी राहून. मला ते निघून जाणं फार आवडलं. रडत बसली नाही, माहेरी गेली नाही, बॅग भरली आणि गेली.

ज्यांना एकच बघायची आहे त्यांनी 'नूर कासिह' बघावी, २००९ ची, काबिर भाटियानं दिग्दर्शित केलेली, सव्वीस भाग. धार्मिक शिक्षकाच्या घरात दोन मुलगे, थोरला सालस, धाकटा वाया गेलेला, आणि नूर अमिना नावाच्या गावातल्या गुणी मुलीवर थोरल्याचं प्रेम असताना बाप तिचं लग्न धाकट्याशी लावतो, का तर ती त्याला मार्गावर आणेल. म्हणजे पोरगं सुधारायची जबाबदारी सुनेवर. हे बघताना आमच्या भिशीतल्या एकजणी पण गप्प राहिल्या नाहीत! कारण 'लग्न झालं की सुधारेल' हे वाक्य करवीर तालुक्यात काय आणि पन्हाळ्याला काय, सगळीकडं पोरीच्या जिवावर बोललं जातं. मालिका सुंदर शूट केलीय, तिझ झाकियाहनं नूर फार संयत केलीय, आणि तरी मला ती पूर्ण पटली नाही. सहन करणं हाच तिचा सगळ्यात मोठा गुण, सहन केल्यामुळंच तिला शेवटी सगळं मिळतं. मलय मालिकांतल्या बऱ्याच हिरॉइनी अजून याच साच्यातल्या आहेत. बाहेरून बदलल्या, डिग्री आली, गाडी आली, ऑफिस आलं, पण नवऱ्यासमोर आल्या की २००९ मध्येच उभ्या असतात.

आणि ऑफिस म्हणजे तरी काय, लिफ्टनं वर जायचं, फाईल धरायची, बॉसशी टक्कर व्हायची. मलेशियात सरकारी विद्यापीठांत मुलांपेक्षा मुली जास्त शिकतात, काम करायच्या वयाच्या शंभरातल्या साधारण ५५-५६ बायका नोकरी-धंद्यात आहेत, आपल्यापेक्षा कितीतरी पुढं. पण मालिकेतल्या हिरॉइनचं काम नेमकं काय आहे ते दहाव्या भागापर्यंत पण कळत नाही. मला एक गोष्ट तर कायम खटकते. २०१६ ला 'सुरी हाती मिस्टर पायलट' नावाची मालिका प्रचंड गाजली, हिरो पायलट, हिरॉइन नीलोफा. नावातच बघा, पायलटच्या हृदयाची राणी. आणि ही नीलोफा खऱ्या आयुष्यात स्वतःचा हिजाबचा मोठा ब्रँड चालवणारी बाई, पुढच्याच वर्षी, २०१७ ला, एअर एशिया या विमान कंपनीच्या संचालक मंडळावर तिची नेमणूक झाली. म्हणजे खरी बाई विमान कंपनीच्या बोर्डावर बसली आणि मालिकेत तिला पायलटची बायको व्हायचं होतं. त्या बोर्डावर बसलेल्या बाईची मालिका कोणीतरी करायला पाहिजे, मी पहिल्या दिवशी बघेन.

म्हणून म्हणते, बाकीच्या बायकांकडं बघा.

पहिली म्हणजे सवत. तिकडं मुसलमान पुरुषाला चार लग्नं करता येतात पण उठला आणि केलं असं नाही, शरिया कोर्टाची परवानगी लागते. क्वालालंपूर वगैरे भागासाठीचा कौटुंबिक कायदा १९८४ चा आहे, त्यात नवऱ्याला मिळकत किती, दुसरी का करायची, सगळ्यांना सारखं वागवणार कसं ते कोर्टाला सांगावं लागतं आणि पहिल्या बायकोला बोलावून तिचं ऐकतात. मालिकेत काय होतं, नवरा हे टाळायला सीमेपलीकडं दक्षिण थायलंडला जाऊन गुपचूप निकाह करून येतो, आणि हे काही लेखकाच्या डोक्यातलं नाही, खरोखर लोक असं करतात. मग तो कागद कपाटात सापडतो. हा कागद सापडायचा सीन जवळजवळ प्रत्येक सवतीच्या मालिकेत असतो आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो. पण त्यानंतर चांगल्या मालिकेत जे होतं ते आपल्याकडं क्वचित बघायला मिळतं, दोन्ही बायका समोरासमोर बसून पैशाचं बोलतात. पोरांची फी कोण भरणार, घर कोणाच्या नावावर, शुक्रवार-शनिवार तो कुठं राहणार. अतिशय कोरडं बोलणं, आणि त्यात दोघींचं सगळं दुःख येतं.

आपल्याकडं 'माझ्या नवऱ्याची बायको' चार-साडेचार वर्षं चालली, राधिकानं घटस्फोट घेतला, मसाल्याचा धंदा उभा केला, त्यासाठी मी आजपण तिला मानते. पण शनाया मात्र शेवटपर्यंत नुसती चेष्टेची आणि लबाडीची. दुसऱ्या बाईला पण काहीतरी भीती असेल, तिला पण कोणीतरी फसवलं असेल हे आपल्या मालिका दाखवतच नाहीत. आणि आपला कायदा काय सांगतो, १९५५ पासून हिंदू पुरुषाला दुसरं लग्न नाही. चांगलंच आहे, हवंच. पण म्हणून ते संपलं का? गावागावात 'दुसरं घर' असलेले लोक सगळ्यांना माहीत असतात, यात्रेला एकीला आणतात, मुंबईला दुसरीला नेतात, आणि त्या दुसरीच्या हातात कागद म्हणून काही नसतं. मी चार लग्नं करण्याच्या बाजूनं बोलत नाहीये, तिकडच्या बायकांच्या संघटना पण त्याविरुद्ध बोलतात. पण जे आहे ते उजेडात ठेवून त्यावर मालिका करायची हिंमत त्यांच्यात दिसते.

दुसरं म्हणजे लग्नातला एक सीन. निकाह झाल्यावर नवरा मुलगा सगळ्यांसमोर एक कागद वाचतो आणि सही करतो, तकलीक म्हणतात. मी हिला चार महिने किंवा जास्त सांभाळलं नाही, खर्चाला दिलं नाही किंवा मारझोड केली आणि हिनं कोर्टात तक्रार केली, ती खरी ठरली, तर तलाक लागू होईल, अशा अर्थाचं. मालिकेत तो सीन पटकन उरकतात, तिकडच्यांना सवयीचा आहे ना. पण माझ्या सासूबाईंनी तो मला परत लावायला लावला. परत एकदा नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "भर मांडवात वाचून घेत्यात व्हय? बरं करत्यात." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आता नुसतं वाचल्यानं मारझोड थांबते असं नाही, मालिकेतच पुढं त्या बाईला कोर्टाच्या किती चकरा माराव्या लागतात ते दिसतं, तारीख पडते, साक्षीदार येत नाही, सासर म्हणतं घरातलं घरात मिटवा. पण ते शब्द तिच्याकडं आहेत, सगळ्या गावानं ऐकलेले आहेत, त्यावर बोट ठेवून ती उभी राहू शकते.

तसंच घटस्फोटाच्या वेळी संसारात मिळून कमावलेल्या मालमत्तेवर बायकोचा दावा. 'हार्ता सपन्चारियन' म्हणतात, जुन्या मलय रिवाजातून आलेलं आहे आणि शरिया कोर्ट ते मानतं. बाई नोकरी करत नसली, घरच सांभाळलं असलं तरी त्याचा हिस्सा धरतात. हे मालिकेत आलं तेव्हा भिशीत मोठी चर्चा झाली कारण आपल्याकडं पोटगी मिळते, पण नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचा निम्मा वाटा असा सरळ कायदा नाही, आंबोलीचा घाट उतरून गोव्यात गेलं की तिथं जुन्या पोर्तुगीज कायद्यामुळं आहे, इकडं नाही. पंचवीस वर्षं भाकरी थापल्या, म्हशीच्या धारा काढल्या, गोकुळला दूध घातलं, त्याचं काय, असं एकजण बोलल्या आणि त्यावर कोणाकडं उत्तर नव्हतं. एका टीव्ही मालिकेनं राजारामपुरीतल्या हॉलमध्ये हा विषय काढला, मला तरी हे मोठं वाटतं.

आणि तिसरी ती विधवा किंवा सोडलेली बाई. तिकडं दोघींना एकच शब्द आहे, जांडा, आणि मालिकेत ती आली की शेजारणी नवऱ्यांना आत बोलावतात. धर्मानं तिला पुन्हा लग्न करायची पूर्ण मोकळीक आहे, विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस, ती संपली की झालं. म्हणजे अडवतं कोण? जिभा अडवतात. ती पहाटे उठून नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात आणि झणझणीत सांबाल, पुड्या बांधून रस्त्यावर विकते, पोरं शिकवते, आणि सगळ्या मालिकेत पैशाचा हिशोब फक्त हिलाच येत असतो. हिरॉइनपेक्षा हिचं घर खरं वाटतं. आणि हे बघताना मला आपलं हेरवाड आठवणारच. शिरोळ तालुक्यातलं गाव, मे २०२२ मध्ये ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. मग राज्य सरकारनं पण सगळ्या गावांना तसं करायला सांगितलं. शाहू महाराजांनी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला १९१७ ला आणि बांगड्या न फोडायचा ठराव व्हायला २०२२ उजाडलं. कायदा आणि जीभ यांच्यातलं हे अंतर मलय मालिका फार चांगलं पकडतात, आणि हेरवाडवर आपल्या चॅनेलनी अजून एक चांगली मालिका का केली नाही हा माझा खराखुरा राग आहे.

या सगळ्यात वरचढ 'नूर'. २०१८ ची, शाहरुलेझाद मोहम्मदीनची, टीव्ही थ्रीवरच आली. शरीर विकणारी बाई आणि एक तरुण, लग्न झालेला धर्मगुरू. अमिझा अझनान आणि स्याफिक काइल. तिकडं त्यावरून वाद झाला आणि होणारच होता, कारण ती नुसती प्रेमकथा नाही, ती सरळ विचारते की या बाईकडं जाणारे पुरुष कोण आहेत आणि तिला शिव्या देणारे कोण आहेत. एरवी मलय मालिकेत ठरलेलं असतं, डोक्यावर रुमाल घेणारी गावाकडची चांगली, उघड्या केसांची शहरातली वाईट. इथं ते सगळं उलटंपालटं केलंय, आणि धर्माची टिंगल न करता केलंय, त्यामुळं ते जास्त लागतं. अमिझानं नूर केलीय ती कुठंही केविलवाणी नाही. तिला दया नकोय, तिला बसायला जागा पाहिजे.

आता दीड मार्क कुठं कापले. अर्धा त्या ऑफिसातल्या खोट्या नोकऱ्यांचा. बाकीचा एक पूर्ण मार्क बळजबरीसाठी. काही मालिकांत, आणि सिनेमांत पण, नातं जबरदस्तीनं सुरू होतं आणि पुढं त्यालाच प्रेम म्हणतात. २०११ चा 'ओम्बाक रिंदू' सिनेमा तिकडं तुफान चालला, त्यातल्या मुलीला नात्यातलाच माणूस विकतो, विकत घेणारा अत्याचार करतो आणि तोच पुढं तिचा हिरो. त्या यशानंतर त्याच धर्तीच्या गोष्टी टीव्हीवर येत राहिल्या. नवरा ओरडतो, ढकलतो, कोंडून ठेवतो आणि वर पावसात सुंदर गाणं. याला माफी नाही. तिथल्या बायका पण यावर खूप बोलतात, बहिणीच्या ऑफिसात पण दोन तट आहेत, आणि हे भांडण तिकडं उघडपणे चालू आहे ही जमेची बाजू. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी हे बघतात, इकडं पण बघतात, आणि हिरो देखणा असतो. तुमच्या घरात मुलगी असेल तर असली मालिका तिच्याशेजारी बसून बघा, तिला एकटीला सोडून देऊ नका.

सासूंबद्दल पण दोन शब्द. श्रीमंत सासू तिकडं दातिन असते, म्हणजे मानाची पदवी मिळालेल्या दातूकची बायको, मोठं घर, मोठ्या बांगड्या, सुनेचा छळ. यात नवीन काही नाही, ते आपण पोटभर बघितलंय. गावाकडची गरीब आई मात्र फार छान लिहितात, लेकीला परत ये म्हणणारी आई. 'दिल्या घरी सुखी रहा' म्हणत नाही ती, एसटी स्टँडवर येऊन उभी राहते, बॅग हातात घेते आणि कोणाला काही विचारत नाही.

कोणी बघावं? ज्यांना लांबण नको आणि घरगुती गोष्ट पाहिजे त्यांनी नक्की. सुरुवात 'नूर कासिह'नं करा, म्हणजे साचा काय आहे ते कळेल, मग 'आदम आणि हवा', कंटाळा आला तर मधले भाग पळवा, आणि मग 'नूर', ती पोरं झोपल्यावर. सासू, जाऊ, नणंद कोणीतरी सोबत घ्या, एकटीनं बघण्यात निम्मी मजा जाते. अॅपचे पैसे भरायच्या आधी ती मालिका इथं खरंच लागते का ते फुकटच्या भागावर टिचकी मारून तपासा. आणि तकलीकचा सीन आला की पळवू नका.